कंपौंडरचा समुद्र

पौडच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध हवं असेल, तर आधी सायकलच्या पंपाचे वीस हात मारावे लागत. पडसं असेल तर तीस. पोटदुखी आणि बाळंतिणी यांना माफी होती. बाकी ज्याचे हातपाय धड होते, त्याला तात्या कंपौंडर औषधाच्या खिडकीतून पंपाकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "आधी श्वास द्या, मग औषध घ्या."

हा श्वास माशांसाठी असे.

मी पौडला मास्तर म्हणून गेलो, तेव्हा नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि ते कुणालाच हिशेबात बसत नव्हते. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांपैकी एक मला मिळाली, दुसरीत तात्या. पन्नाशीचा सडाफटिंग माणूस. डॉक्टर आठवड्यातून दोनदा पुण्याहून यायचे. उरलेले पाच दिवस तात्याच डॉक्टर, तात्याच नर्स आणि तात्याच शिपाई. पहिल्या दिवशी मी सामान टाकून नमस्कार केला, तर त्यांनी नमस्कार घेण्याआधी माझे हात हुंगले. "साबण लावलाय. पेटीत हात घालू नका," म्हणाले आणि आत गेले. माणूस तिरसट दिसतो, असं मी घरी पत्रात लिहिलं. ते पुढं मला कधी खोडता आलं नाही.

पेटी म्हणजे दवाखान्याच्या ओसरीवर मांडलेली काचेची टाकी. लोखंडी सांगाडा, पुण्याहून आणलेल्या काचा, सांध्यांना लांबी भरलेली. काचांसाठी तात्यांनी मनगटावरचं घड्याळ विकलं होतं आणि तेव्हापासून ते वेळ एसटीवरून ओळखायचे, म्हणजे सहसा चुकीची. पेटीत तळाला वाळू, चार दगड आणि खाऱ्या पाण्यातले जीव. समुद्र घाटाखाली, आणि हा गृहस्थ घाटावर बसून समुद्र पाळत होता. कंपौंडरच्या परीक्षेला मुंबईला गेले असताना ओहोटीला खडकातल्या डबक्यात त्यांनी काहीतरी पाहिलं आणि परीक्षेचा एक पेपरच बुडवला. काय पाहिलं ते नीट सांगता येत नसे. "फूल होतं हो, पण ते जेवत होतं," एवढंच म्हणायचे.

मुळशीच्या धरणाचं पाणी घाटाखाली जाऊन त्याची वीज व्हायची आणि ती सरळ मुंबईला जायची. आमच्याकडे कंदील. त्यामुळे माशांना हवा द्यायची म्हणजे लॉरीची जुनी ट्यूब सायकलच्या पंपानं भरायची, तिला सलाईनची नळी लावायची आणि नळीला चिमटा. मग दिवसभर पेटीत बारीक बुडबुडे सुटत. ट्यूब बसली की मासे वर येऊन तोंडं उघडत आणि तात्या हातातलं काम टाकून ओरडत, "पेशंट कुठाय? एक धडधाकट पेशंट द्या!" रविवारी पेशंट नसत, तेव्हा धडधाकट म्हणून मीच. माझा एकही रविवार सुखाचा गेला नाही.

गावाला एकच कोडं होतं. "कंपौंडर मासं खात न्हाई म्हनं. मंग पाळतोय कशाला?" त्यात ते बाजारातून सुकट आणायचे, नाकाला रुमाल लावून, कागदाची पुडी दोन बोटांत धरून. माशांना खाऊ घालायला आणतो, हे खरं उत्तर कुणालाच पटण्यासारखं नव्हतं.

आता चुकांबद्दल सांगतो, कारण तात्यांची खरी ओळख चुकांमधूनच होते.

पहिली चूक त्यांच्या डोक्यातली. समुद्रात मीठ असतं, मीठ बाजारात मिळतं, पाणी विहिरीत आहे, मग अडलं कुठं? विहिरीच्या पाण्यात खडेमीठ कालवून घाटाखालून मागवलेले सहा मासे सोडले. एका दुपारीत सहाही गेले. मग पेणहून मीठ आणणाऱ्या लॉरीवाल्या गेनूला गळ घातली. त्यानं खरं समुद्राचं पाणी आणि नवे मासे आणले, पण रॉकेलच्या डब्यांतून. ते मासे संध्याकाळही बघू शकले नाहीत. पुढच्या खेपेला काचेचे बुधले दिले. पाणी उत्तम आलं, जीव रमले. पण उन्हाळ्यात पेटीतलं पाणी आटायला लागलं, तसे तात्या त्यात आणखी समुद्राचं पाणी ओतत गेले. पाणी आटतं, मीठ मागं राहतं, हे त्यांच्या ध्यानात आलं तोवर चार मासे आडवे. त्यानंतर त्यांनी दूधवाल्याकडून दुधातलं पाणी ओळखायचा एक लॅक्टोमीटर पैदा केला. समुद्राचं पाणी त्यावर पंचवीस दाखवतं. म्हणजे लॅक्टोमीटरच्या मते समुद्र म्हणजे थोडं पाणी घातलेलं दूध. रोज सकाळी ते दात घासायच्या आधी पेटीचा आकडा बघायचे. पंचवीसच्या वर गेला की गोडं पाणी घालायचे आणि वहीत लिहायचे.

शिवाय मेलेल्या प्रत्येक जिवाचा केसपेपर निघायचा. दवाखान्याचाच छापील कागद. पेशंटचं नाव: मासा, निळा. वय: माहीत नाही. तक्रार: एका कुशीवर पोहणे. उपचार: पाणी बदलले. आणि शेवटी, मृत्यूचं कारण: कंपौंडर. प्रत्येक कागदावर हेच. एकदा खेकड्यानं मासा खाल्ला, तेव्हा त्यांनी आधी "खेकडा" लिहिलं. मग बराच वेळ दौतीकडे बघत बसले आणि ते खोडून "कंपौंडर" केलं. "खेकडा पेटीत सोडला कुणी?" मला विचारलं. "चूक माझी. पुढचा पेशंट!"

हे त्यांचं पालुपद. मासा मेला, बाटलीवर चिठ्ठी उलटी चिकटली, एसटी चुकली, कशावरही हेच. कपाळाला हात लावत बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. मासा कढीलिंबाच्या बुंध्याशी पुरायचा, कागद लिहायचा, हात धुवायचे आणि पुढचा पेशंट. मला आधी हा कोरडेपणा वाटायचा. नंतर कळलं, की त्या कागदांचा गठ्ठा ते उशाशी ठेवतात.

एवढ्या पडझडीतून एक जीव तगला. तेच त्यांचं मुंबईचं फूल. समुद्रफूल म्हणायचे ते त्याला. मुठीएवढं, जांभळट, दगडाला धरून बसलेलं, भोवती शंभरेक मऊ बोटं. सुकटीचा तुकडा चिमट्यानं पुढं केला, की सगळी बोटं हळूहळू मिटायची. अकरा महिने ते जगलं होतं. मासे येत गेले, मरत गेले, फूल होतं. सकाळी दार उघडलं की तात्या मला "उठलात का?" म्हणायच्या ऐवजी "उघडलंय" म्हणायचे, आणि त्या दिवसापुरता माणूस गोड असायचा. ते गेलं तर आपण हा खेळ बंद करणार, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. पुन्हा उभं राहायचं बळ आता नाही, म्हणाले.

या पेटीला एक भाविकही होती. ठकूबाई. धरणाच्या काठच्या वाडीतली म्हातारी, बाजाराच्या दिवशी गुडघ्याचं तेल न्यायला यायची. तिचा एकुलता मुलगा किसन मुंबईहून मालाच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलेला. त्याची पत्रं दवाखान्याच्या पत्त्यावर यायची आणि तात्या वाचून दाखवायचे. म्हातारीनं समुद्र पाहिला नव्हता. तात्यांनी एकदा सहज सांगितलं, की हे पाणी खरं समुद्रातलं आहे. तेव्हापासून ती तेल राहू द्यायची आणि पेटीपुढं उभी राहायची.

"ह्योच का त्यो? ज्याच्यात माजा किसन हाय?"

"त्यातलंच थोडं, मावशी."

"लई गार असंल न्हाई?"

मग हात जोडायची, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची आणि पदर सावरत निघून जायची. अलीकडे तीन महिने किसनचं पत्र नव्हतं. ती विचारायची, तात्या म्हणायचे, "टपाल उशिरा येतंय, मावशी, बोटीला कुठं पोस्टमन असतो." ती मान हलवायची आणि हात जरा जास्त वेळ जोडायची.

श्रावणात एका सकाळी तात्या "उघडलंय" म्हणाले नाहीत.

फूल आक्रसून सुपारीएवढं झालं होतं. लॅक्टोमीटर पंचवीस. हवा चालू. तात्यांनी अर्धं पाणी बदललं, सुकट बंद केली, पेटीवर ओलं फडकं टाकलं. मला विचारलं, "मास्तर, खडूचे हात घातलेत का?" मी शपथेवर नाही म्हटलं. तीन दिवस ते जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. चौथ्या दिवशी फूल दगडावरून सुटलं. तात्यांनी ते तळहातावर घेतलं. मी त्यांचं तोंड बघितलं नाही.

पेटी रिकामी करायची म्हणून ते लांब चिमट्यानं वाळू उपसायला लागले, आणि दगडामागं चिमटा कशाला तरी लागला. ढब्बू पैसा निघाला, जुना, तांब्याचा. हिरवागार. मग आणखी एक. असे मूठभर.

तात्या खाली बसले. "मास्तर, कल्हई गेलेल्या तांब्याच्या पातेल्यात आमटी राहिली तर काय होतं?"

"कळकते."

"ही पेटी कळकली."

ठकूबाईनं डोळे मिटून काय पुटपुटलं आणि पदरातून काय सोडलं, ते कुणी सांगायची गरज नव्हती. पूल ओलांडताना नदीत पैसा टाकतात, तसा तिनं समुद्रात टाकला होता. दर बाजाराला एक. नवे पैसे देवाला चालत नाहीत असं तिचं मत होतं, म्हणून जपून ठेवलेले जुने. मला संताप आला. अकरा महिने या माणसानं जिवाचं रान केलं, आणि म्हातारीनं वर उभं राहून विष टाकलं. बाजाराच्या दिवशी तिला चांगलं सुनवायचं, असं मी ठरवूनच ओसरीवर बसलो. पेटी अजून भरलेलीच होती. पुढच्या लॉरीनं पाणी परत पाठवायचं, एवढंच ठरलं होतं.

ती आली. पेटीपुढं उभी राहिली. वाकून बघितलं.

"आज फूल कुटं हाय?"

"मावशी," मी म्हणालो, "तुम्ही त्या पेटीत—"

"मेलं ते," तात्या मध्येच म्हणाले. "चूक माझी, मावशी. मीठ जास्त पडलं माझ्या हातून."

म्हातारी काचेजवळ सरकली. "पानी बिगाडलं व्हय? मंग तितलं बी..."

"तिथलं काही नाही झालं. समुद्र लई मोठा हाय, मावशी." तिच्याच बोलीत बोलले, मी पहिल्यांदाच ऐकलं. "आणि हे पाणी पण मी नीट केलंय. बघा, स्वच्छ आहे की नाही?"

तिनं निरखून बघितलं. मग हात जोडले, डोळे मिटले, आणि पदरातून एक ढब्बू सुटून पाण्यात डुबकन गेला. तात्यांनी तो बुडताना पाहिला. गुडघ्याच्या तेलाची बाटली भरून दिली आणि "पत्र आलं की लगेच निरोप धाडतो" म्हणाले.

ती गेल्यावर मी फुलाचा केसपेपर बघितला. पेशंटचं नाव: समुद्रफूल. मुक्काम: अकरा महिने. तक्रार: मिटणे. मृत्यूचं कारण: कंपौंडर. त्या सगळ्या गठ्ठ्यात खोटा म्हणावा असा तेवढा एकच कागद. त्याच्याखाली त्यांनी सहीसुद्धा केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आलो, तर तात्या पेटीवर वाकलेले. पेटीत ना मासा, ना फूल, ना खेकडा. नुसतं पाणी आणि बुडबुडे. कालचा ढब्बू त्यांनी काढून कठड्यावर वाळत ठेवला होता. पाण्यात लॅक्टोमीटर तरंगत होता.

"लॉरी परवा येतेय ना?" मी म्हणालो. "मग आता आकडा कुणासाठी बघताय?"

त्यांनी डोळा पाण्याच्या रेषेत आणला, पंचवीस बघितला, वहीत लिहिला.

"गेनूला नाही म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. "मास्तर, किसन अजून पाण्यावर आहे."

ट्यूब बसत आली होती. एवढ्या सकाळी ओसरीवर पेशंट कुणीच नव्हता. मी तांब्या खाली ठेवला, पंप घेतला आणि वीस हात मारले.