हत्यारांची सुट्टी

चंद्रहासने गाडीचं ऑइल स्वतः बदलायचं ठरवलं, यात तसं वाईट काही नव्हतं. वाईट एवढंच की त्याने ते शुक्रवारी सकाळी ठरवलं, आणि त्याच संध्याकाळी सहाला मस्कत विमानतळावर त्याच्या सासूबाई उतरणार होत्या.

मागच्या खेपेला मस्कतजवळच्या सीबच्या याच घरात मधुवंतीबाई जेवताना सहज म्हणाल्या होत्या, की जावईबापूंना साधी ट्यूब बदलायलाही माणूस बोलवावा लागतो. ते वाक्य चंद्रहासला दोन वर्षं पचलं नव्हतं. (इन्शुरन्सच्या ऑफिसात तो दिवसाला पन्नास गाड्या तपासतो, पण फक्त कागदावर.) या वेळी सासूबाईंना लोण्यासारखे गिअर पडणाऱ्या गाडीतून आणायचं आणि वाटेत हळूच सांगायचं, ‘घरीच केलं ऑइल चेंज’, असा बेत होता. त्यासाठी चौऱ्याण्णव नगांचा टूलबॉक्स आला.

काम सुरळीत सुरू झालं, तिथेच त्याला संशय यायला हवा होता. पार्किंगच्या शेडखाली गाडी जॅकवर चढली. चंद्रहास पुठ्ठ्यावरून सरपटत खाली गेला. आधी गिअरबॉक्सचं ऑइल सोडलं, मग मागच्या चाकांच्या मधोमध असतो तो डिफरन्शियलचा गोळा शोधून त्याचंही. निम्मं ऑइल बायकोच्या, म्हणजे श्यामलाच्या, रुखवतातल्या परातीत पडलं, निम्मं त्याच्या बनियनवर. आता नवं भरलं की झालं. पण आधी ताक प्यावं म्हणून तो वर गेला आणि जाताना टूलबॉक्स सोबत घेऊन गेला. इथे रस्त्यावर सोन्याची वीट ठेवली तरी कोणी हात लावणार नाही, पण माणूस डोंबिवलीचा. सवय जात नाही.

ताकामागून वरणभात आला, वरणभातामागून डुलकी. साडेतीनला डोळे उघडले तर देवघरासमोर पाटावर चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव नग ओळीने मांडलेले, प्रत्येकाला हळदकुंकू, मधे झेंडू. ज्या चोवीस नंबरच्या पान्यावाचून ऑइल भरायचा बोल्ट उघडणारच नव्हता, त्याच्यावर अक्षता जरा जास्तच पडल्या होत्या.

श्यामला हरखली होती. दरवर्षी तिला खंडेनवमीला कात्री आणि विळीवर भागवावं लागे, यंदा घरात खरी हत्यारं आली होती. चंद्रहासने पान्याकडे हात नेला.

“अहो, पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही. उद्या दसऱ्याला उचला.”

“कोणी सांगितलं?”

“आईने. आमच्याकडे कडक पाळतात. आल्या आल्या तिला पाट रिकामा दिसला तर?”

इकडे आड, तिकडे विहीर. पाना उचलावा तर सासूबाईंचा नेम मोडतो, न उचलावा तर सासूबाईच विमानतळावर बसतात. तो शेजारच्या इक्बालकडे धावला. इक्बाल मूळचा रत्नागिरीचा, दोन तासांवरच्या सहम गावात त्याचं भाजीचं दुकान. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“माझा पाना सहमला ऱ्हायलाय, चंदूभाई. पण फिकीर नको. पिकअप हाय ना. मी घेऊन येतंय त्यांना.”

श्यामला पिकअपमध्ये बसून आईला आणायला गेली. चंद्रहासची इज्जत वाचवायला आता तासभर उरला होता. त्याने स्वयंपाकघरातून सांडशी उचलली (सांडशीची पूजा झाली नव्हती) आणि पुन्हा गाडीखाली शिरला. बोल्ट जागचा हलला नाही. सांडशीचे मात्र दोन तुकडे झाले.

मधुवंतीबाई टोमॅटोच्या क्रेटांसोबत मजेत आल्या. आधी त्यांना जावयाचे पाय दिसले. मग त्या वाकल्या, तर काळ्या ऑइलने भरलेल्या परातीच्या काठावर कोरलेलं ‘सौ. मधुवंतीकडून’ दिसलं. श्यामलाने घाईघाईने सांगितलं, की आज खंडेनवमी, म्हणून काम अडलंय, तुझाच नियम.

“अगं, असा नियम आपल्याकडे कधीच नव्हता,” त्या म्हणाल्या. “तो मी काढला होता, तुझ्या बाबांसाठी. सुट्टी आली की स्कूटर उघडायचे. उघडलेलं परत कधी मिटलं नाही.”

चंद्रहासच्या जिवात जीव आला. म्हणजे पाना उचलायला हरकत नव्हती. तो सरपटत बाहेर आला, सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि तोंडभर हसत जिन्याकडे निघाला.

मधुवंतीबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि लेकीकडे वळल्या.

“श्यामला, तो पाट उचलू नकोस. उद्यापासून रोज पूजा कर.”