पुनमला कंडोन केलं

पुनमच्या नर्सिंग कॉलेजचं पत्र लोह्यात आलं तेव्हा व्यंकटी आपल्या गिरणीत ज्वारी दळत होता. पत्र इंग्रजीत होतं. त्याला पुनमचं नाव कळलं, तेवीस हा आकडा कळला आणि त्यानं गिरणी बंद केली. दोन महिन्यांपूर्वी त्याचा पाय मोडला होता, तेव्हा पोरगी लातूरहून येऊन तेवीस दिवस त्याच्या उशाशी बसली होती.

तिचा फोन लागेना. दवाखान्यात ड्युटी असली की ती फोन बंद ठेवायची. म्हणून व्यंकटी पत्र घेऊन शेजारच्या मन्मथअप्पांकडे गेला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढल्यामुळे अप्पांना इंग्रजी येतं, असं अप्पाच सांगत.

अप्पांनी चष्मा लावला, एका शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही.

"काय लिवलंय, अप्पा?"

"तेवीस दिवस गैरहजर. म्हनून कंडोन केलंय."

"म्हंजे?"

"आमच्याकडं जुनी गाडी कंडम करायचे ना, त्यातलंच. कागदावर कंडोन लिवतेत."

"कंडम गाडीचं काय करायचे?"

"भंगार," अप्पा हळू आवाजात म्हणाले.

खात्री करावी म्हणून अप्पांनी मोबाईल तोंडाशी धरून 'कंडम' असं विचारलं. मोबाईलनं गंजलेल्या बसचे सात-आठ फोटो दाखवले. मग शंकेला जागाच उरली नाही.

रात्रीही पुनमचा फोन लागला नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी दोघं पहिल्या गाडीनं लातूरला निघाले. वाटेत अप्पांनी मांडीवर कागद ठेवून अर्ज लिहिला. 'पाय माझा मोडला, त्यात मुलीचा दोष नाही. तरी तिला केलेले कंडोन तातडीने रद्द करावे.' व्यंकटीनं खाली सही केली.

कॉलेजच्या ऑफिसात शिवकुमार नावाचा क्लार्क होता. त्याला आधी शिक्का मारून मग वाचायची सवय होती. शिक्का मारून त्यानं अर्ज वाचला आणि मान वर केली.

"मामा, पोरीला परीक्षेला बसू द्यायचं न्हाई काय?"

"बसू द्या म्हनूनच आलो, साहेब."

"अहो, कंडोन म्हंजे माफ. दिवस कमी पडले तरी चालतंय, असं लिवलंय. अन् तुमी ते रद्द करा म्हनायलात."

व्यंकटी बाकावर बसला. पायातली कळ त्याला आत्ता जाणवली. अप्पा भिंतीवरचं वेळापत्रक वाचू लागले. व्यंकटीनं विचारलं, "मग सरळ माफ कामून लिवत न्हाईत?"

हे शिवकुमारला नोकरीत कुणी विचारलं नव्हतं. त्यानं पेन खाली ठेवलं.

"चूक हाय, ती दिसली बी. पर त्यावर पुढं काय करायचं न्हाई, असं ठरवलं. ते कंडोन."

"माझी म्हैस भागवतच्या हरभऱ्यात जाती. त्यो बगतो अन् गप बसतो. ते कंडोन?"

"हाव, पक्कं."

"पर मागच्या बारीला त्यानं दगूड मारला."

"मग ते न्हाई."

व्यंकटीनं मान हलवली. शब्द आवडल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. "मग ह्यो अर्ज फाडून टाका, साहेब."

"शिक्का पडलाय. आता फाडता येत न्हाई. दुसरा अर्ज द्या."

अप्पा कागद घेऊन लगबगीनं पुढे आले. व्यंकटीनं तो त्यांच्या हातून काढून घेतला आणि स्वतः लिहायला बसला. लिहिता लिहिता थांबून म्हणाला, "पहिला अर्ज कंडोन करावा, असं लिवू?"

"अर्ज न्हाई, मामा. चूक कंडोन होती."

"बरं. माझी चूक कंडोन करावी."

"आता बराबर."

अप्पांनी घसा खाकरला. "व्यंकटी, त्यात माझी बी चूक टाक."

व्यंकटीनं अप्पांकडे नीट पाहिलं, खाली सही केली आणि कागदाची घडी घातली.

"तुमचं लोह्याला गेल्यावर बगू," तो म्हणाला.