अप्पांच्या पिंपातला मोथा

शिवलिंगअप्पांच्या दारातल्या अर्ध्या कापलेल्या पिंपात माजलेले गवत मी एका रविवारी मुळासकट उपटून उकिरड्यावर फेकले, तेव्हा आपण परोपकार करतो आहोत अशी माझी समजूत होती. अप्पा आमचे शेजारी. ते दोन दिवस अक्कलकोटला गेले होते. दिवाळी जवळ आली होती, आणि "घरातल्या कशालाही हात लावू नका" असे बजावून बायकोने मला बाहेर काढले होते. मग हात लावायला शेजाऱ्याचे दारच उरले.

दुपारी अप्पा आले. पिंपात डोकावले. आता आभार मानणार, म्हणून मी जरा पुढे सरकलो.

"काय उपटलात हे?"

"गवत."

"बोटांत फिरवून बघितलात का?"

हा प्रश्न म्हणजेच अप्पा. त्यांची सारी नोकरी तलावाच्या कालव्यावर पाटकरी म्हणून गेलेली. ओल्या जमिनीत हिरवे दिसेल त्याला गवत म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. काडी चिमटीत धरायची आणि फिरवायची. गोल लागली तर गवत. तीन धारा बोटाला लागल्या तर लव्हाळा. "लव्हाळा फसवत न्हाय. गवत काय, कसंबी फिरतंय." एकदा तलावाच्या काठी पाणकणीस दाखवून मी विचारले, "हे कशात?" तर म्हणाले, "त्याचं घराणंच येगळं. त्याच्या नादाला लागू नका."

एका गणेशचतुर्थीला भटजी आमच्याकडे दुर्वा वाहत असताना अप्पा ओरडले, "अय्यो! थांबा! गणपतीच्या डोक्यावर लव्हाळा चढायलाय की हो!" मग एकवीसच्या एकवीस जुड्या सुटल्या. काडी न् काडी फिरवून होईपर्यंत मोदक गार झाले. दुसऱ्या वर्षी पाहतो तो भटजी स्वतःच मंत्र म्हणता म्हणता दुर्वा चिमटीत फिरवीत होते.

माणसांनाही हाच न्याय. "तुमच्या मिलचे हेडक्लार्क गोल हायत. फिरवाल तिकडं फिरतेत."

"आणि मी?"

अप्पांनी मला नीट न्याहाळले. "तुमी अजून कोंब हाय."

माझे वय तेव्हा सेहेचाळीस.

खरी मौज पुढेच आहे. आमच्या भागात शेतकरी लव्हाळ्याला शिव्या घालतो. कितीही खणा, गाठी जमिनीत राहतात आणि आठवड्यात कोंब वर येतात. अप्पा मात्र तोच लव्हाळा पिंपात लावून, सोलापूरच्या उन्हाळ्यात, आपल्या पिण्याच्या पाण्यातला तांब्या त्याला घालीत. वेड म्हणून आम्ही सोडून दिले होते, आणि पावसाळ्यानंतर पिंपात नुसते गवतच माजले असे मी धरून चाललो.

"खाली मोथा धरला होता," अप्पा रिकाम्या पिंपाकडे बघत म्हणाले. मोथा म्हणजे त्याच गाठी. वाळवून कुटल्या की उटण्यात पडतात. "यंदा आमची लेक गिरिजा येणार हाय हुबळीहून. पत्र आलंय. तिला ह्येच उटणं लागतंय, लहानपणापासनं. बाजारचं चालत न्हाय. एन माडोदु? काय करायचं आता?"

ते रागावले असते तर बरे झाले असते. मी धोतर खोचले आणि उकिरड्यावर उतरलो. पाने कुणाच्या तरी शेळीने फस्त केली होती; गाठी चिखलात विखुरल्या होत्या. मी उकरायचे, अप्पांनी हुंगायचे. "ह्यो मोथा. ह्यो न्हाय. ह्ये काय शेळीचं उचललात? ठेवा खाली." मध्येच एक गाठ माझ्या नाकाशी धरून म्हणाले, "वास घ्या, कसा हाय!" मला उकिरड्याचाच येत होता, तरी मी "वा!" म्हणालो. दिवस कलेपर्यंत दोन ओंजळी जमल्या. अप्पांनी त्या धुऊन पंच्यात बांधल्या आणि प्रथमच माझ्या पाठीवर हात ठेवला. "पुरतंय एवढं."

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, दरवर्षीप्रमाणे, अप्पा उटण्याचा डबा घेऊन दारात आले. "जास्त झालं होतं," दरवर्षीप्रमाणेच म्हणाले, आणि न बसता गेले.

माझा जीव भांड्यात पडला. मी बायकोला म्हणालो, "पाहिलंस? उकिरड्यावरचा मोथा, पण लेकीला पुरून उरला!"

तिने झाकण काढले. डबा शिगोशीग भरलेला होता.

"उरलेलं असं असतं का हो?" ती म्हणाली. "चार वर्षं तिचं 'येते' म्हणून पत्र येतं, आणि चार वर्षं हा डबा आपल्याकडं येतो. उद्या त्यांना आंघोळीला इकडंच बोलवा. पाठीला उटणं तुम्ही लावायचं, ओवाळीन मी. आणि बंब पेटवताना त्यात काय घालताय, ते आधी बोटांत फिरवून बघा."