राजांचं शिफ्टिंग

आमच्या इथं आखातात, अल बर्शातल्या बिल्डिंगमध्ये कुणी घर बदलायला निघालं की मुकादमचाचांच्या अंगात फेरो संचारायचा. भाडं वाढलं म्हणून इथं दर वर्षी कुणी ना कुणी गाशा गुंडाळतंच. लिफ्टपाशी खोकी दिसली रे दिसली, की लुंगीतले चाचा चौथ्या मजल्यावरून खाली हजर. हातात जाड काळा मार्कर. "नाव लिवा! प्रत्येक खोक्यावर नाव लिवा! नावं लिवलेली होती म्हणून राजे सापडले!"

पॅकिंगवाल्यांना वाटायचं, हेच घरमालक. ते बिचारे "यस बाबा, यल्ला बाबा" करत मिक्सरच्या खोक्यावरसुद्धा मिसेस कुलकर्णी लिहून घ्यायचे.

राजे म्हणजे इजिप्तचे फेरो. चाचांच्या कृपेनं त्यांची कहाणी मला माझ्या सासरच्या कुळकथेपेक्षा चांगली पाठ आहे. राजांनी डोंगर पोखरून थडगी बांधली, सोनंनाणं सोबत घेऊन निजले. चोरांनी ती फोडली. मग पुजाऱ्यांनी राजांना गुपचूप उचललं, पुन्हा कापडात गुंडाळलं, वर शाईनं नावं घातली, आणि या थडग्यातून त्या थडग्यात करत शेवटी पुष्कळसे एका कड्याच्या पोटात नेऊन ठेवले. रामसेस आणि त्याचा बाप एकाच भुयारात.

"वाईट काय झालं गो वैनी?" चाचा मला विचारायचे. "सोनं गेलं. पण माणसं एकत्र आली."

मशिदीतले दोस्त त्यांच्यावर उखडायचे. "अरे, त्या पापी फिरऔनची कसली तरफदारी करतोस? तौबा कर!" चाचा तिथं मुकाट तौबा करायचे आणि घरी येऊन परत यूट्यूब लावायचे.

मध्यंतरी कैरोत या राजाराण्यांना मिरवत नव्या म्युझियममध्ये नेलं, तेव्हा तर चाचांनी आम्हा सगळ्यांना टीव्हीसमोर डांबलं. एकेकाला स्वतंत्र गाडी, काय तो थाट! गाडी जरा वळली की चाचा ओरडायचे, "हळू रे मेल्यांनो, हळू!" माझी तन्वी इथंच वाढलेली. ती म्हणाली, "चाचा, दे आर डेड. दे डोन्ट केअर."

"म्हणूनच हळू," चाचा म्हणाले. "जित्याला धक्का लागला तर तो शिवी तरी देतो."

हे खूळ काही जन्मापासूनचं नाही हं. जुलेखाचाची होत्या तोवर हा माणूस क्रिकेटशिवाय काही बघत नसे. चाची अचानक गेल्या. रत्नागिरीहून मुलगा फोनवर रडत सांगत होता, अब्बा, अम्मीला घरी आणा, आजीच्या कबरीशेजारी ठेवू. चाचांनी ऐकलं नाही. "मय्यत ताटकळत ठेवायची नसते. पेटीत घालून विमानात चढवू तिला? आणि मी इथंच आहे ना!" त्यांच्या रिवाजाप्रमाणे लगोलग दफन झालं. दर शुक्रवारी नमाज आटोपून चाचा कब्रस्तानात जाऊ लागले.

'मी इथंच आहे' हे आम्ही आखातातली सगळीच माणसं म्हणतो. पडदे शिवतो, कुंड्यांत कढीपत्ता लावतो, आणि आपला व्हिसा कंपनीच्या मर्जीवर आहे हे सोयीस्कर विसरतो. चाचाही विसरले. शिपिंग कंपनीत त्यांची साठी झाली, व्हिसा एकेक वर्षानं रडतखडत वाढू लागला, तेव्हा त्यांना घाम फुटला. आपण गेलो तर ही इथं एकटी! ते मौलानांकडे गेले. हलवता येईल का तिला? मौलानांनी मायेनं समजावलं, पण नाही म्हणाले. मातीत निजलेल्याला असं उठवायचं नसतं. त्याच आठवड्यात कधीतरी चाचांना यूट्यूबवर ते राजे भेटले.

"बघ," मला व्हिडिओ दाखवून म्हणाले, "यांना कितीदा उचललं. पाप्यांना मिळालं ते माझ्या जुलेखाला नाय." मी त्यांना सोलकढी दिली. माझ्या सोलकढीला ते नेहमी नावं ठेवायचे, त्या दिवशी नुसतीच प्यायले.

यंदा मात्र कंपनीनं व्हिसा वाढवायला खलास म्हटलं. मग आम्ही बिल्डिंगवाल्यांनी मिळून त्यांचं घर आवरलं. मला वाटलं, आता मार्कर निघेल, आरडाओरडा होईल. कुठलं काय! चाचा खिडकीपाशी बसून राहिले. खोकी कुठं ठेवायची विचारलं तर म्हणाले, "ठेवा कुठंही." सांगते, त्यांच्या ओरडण्याची एवढी गरज मला कधी भासली नव्हती.

एअरपोर्टला सोडायला मी आणि माझा नवरा नितीन निघालो. वाटेत चाचांनी गाडी कब्रस्तानाकडे घ्यायला लावली. आम्ही गाडीतच थांबलो. फ्लाइटची वेळ होत आली, तरी नितीननं हॉर्न वाजवला नाही. ते आले तेव्हा लेंग्याच्या गुडघ्यांना वाळू लागलेली होती. ती त्यांनी झटकली नाही.

बराच रस्ता गेल्यावर मी विचारलं, "चाचींचा निरोप घेतलात?"

"कसला निरोप गो," चाचा म्हणाले. "दर साल गावी जाताना सांगून जायचो तिला, तसंच सांगितलं. महिन्याची सुट्टी घेतलीय, इन्शाल्ला येतो."

मी मागं वळून बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"आजवर तिच्याशी खोटं नव्हतो बोललो वैनी. आता महिना झाला की ती वाट बघायला लागेल."