अब्बासचे ससे

मी खिडकी उघडली आणि बशीतला डोळ्याचा पडदा विझला.

बोकडाचा डोळा होता. अब्बासने लाल दिव्याखाली आतला पातळ पडदा सोलून ठेवला होता. ऊन पडलं तेव्हा तो गुलाबी दिसला. मी बघते तोवर पिवळट झाला, मग पांढरा.

“काकी, आता ह्यात काय नाय उरलं,” अब्बास म्हणाला.

“मग काळा कागद लावून बसतोस कशाला भुतासारखा?”

अब्बास माझा महाडचा शेजारी. मुंबईला डोळ्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. निवृत्त होऊन आला तो ससे घेऊनच. भर दुपारी त्याच्या मागच्या खोलीत काळोख, आणि त्यात सशांचे डोळे निखाऱ्यासारखे.

काळोखात दिसायला लावणारा एक पदार्थ डोळ्यात असतो म्हणे; उजेड लागला की विरतो. तो बोकडाच्या डोळ्यातून काढून सशाला टोचायचा. मग सशाच्या रक्तात त्याला शोधून चिकटणारी अँटीबॉडी तयार होते. ते रक्त बर्फात घालून एसटीने मुंबईच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं.

“लाखात एकालाच वळखते, काकी,” तो लेकीचं कौतुक सांगावं तसं सांगायचा.

बाकीच्या सशांच्या रक्तात ती उतरलीच नव्हती. उरलेल्या एकाला शेवटचं टोचायचं होतं. खिडकी उघडायची चूक माझी, म्हणून खाटकाकडे मी गेले. बोकड दोन तास अंधारात बांधून मगच कापायला लावला.

“आजी, मुंडी नको? नुसते डोळे?”

“तुझे मागितले नाहीत. काप गप.”

डबा काळ्या फडक्यात गुंडाळून आणला. अब्बासने दार लावलं. नजर काळोखाला सरावेपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो. माझाच हात मला दिसेना.

“एवढा जीव का टाकतोस रे?”

अब्बासने चाचपडत डब्यावरचं फडकं सोडलं.

“याकूबचा एक डोळा तिकडं बाटलीत ठेवलाय, मढं सापडल्यावर मीच दिलेला. बाई त्याच्यावर हे लावून बघणार हायत.”

याकूब त्याचा धाकटा भाऊ. तरुणपणीच सावित्री नदीत बुडाला.

“तिन्हीसांजेला दिसत नाय, बोलायचा. मी बोलायचो, सोंग करतोस. तुडीलला नदी उतरताना हात मागत होता. मी नाय दिला. त्याच्या डोळ्यात ती वस्तू होती का नाय, तेवढंच कळू दे.”

दोन महिन्यांनी बाईंचं पत्र आलं. अब्बासने मलाच वाचायला दिलं. अँटीबॉडीला याकूबच्या डोळ्यात चिकटायला काही सापडलं नव्हतं.

“म्हंजे खरं बोलत होता,” अब्बास म्हणाला, आणि सशाला पाला घालायला उठला.

त्या सांजेला नदीत दोघे भाऊ उतरले होते. अब्बास पलीकडे पोचला.