उमरावाच्या अभिनयाबाबत वरीलप्रमाणे

माणसाला मत असणं वाईट नाही. ते इतरांच्या आधी असणं वाईट. आमच्या गावात हे तत्त्व कुणी शिकवत नाही, ते आईच्या दुधाबरोबर पोटात जातं. त्यामुळे आमच्याकडे आजवर मतभेद असा झालेला नाही. (भांडणं होतात. पण ती बांधावरून होतात, मतांवरून नव्हे.)

गाव दिंद्रुडपासून सात किलोमीटर. गावाला सार्वजनिक वाचनालय आहे आणि मी त्याचा अकरा वर्षं चिटणीस आहे. पुस्तकं दोन हजार चारशे बारा. त्यांतली वाचलेली किती, हे बैठकीत विचारायची पद्धत नाही. ग्रंथपाल रोहिणीताई तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन गावात आल्या, म्हणून काही गोष्टी त्यांना अजून ठाऊक नाहीत.

त्यांनी जिल्ह्यातल्या एका चित्रपट रसिक मंडळाला पत्र लिहून प्रोजेक्टर मागवला. मंडळाने तो महिन्याच्या बोलीवर दिला. अट अशी, की मंडळ पाठवील तो अभिजात चित्रपट गावाला दाखवावा आणि प्रेक्षकांचे किमान पंचवीस अभिप्राय कळवावेत, तेही 'स्वतःच्या शब्दांत'. कळवले तर प्रोजेक्टर कायमचा गावाचा, नाही तर परत. रोहिणीताईंचा जीव त्या यंत्रात अडकला होता. आमच्या वाचनालयात बाया येत नसत. पण चाचणीसाठी भिंतीवर नुसता पांढरा उजेड पाडला, तेव्हा एकोणीस बाया आल्या आणि तो उजेड अर्धा तास बघत बसल्या. जाताना "उद्या परत हाय का?" असंही त्यांनी विचारलं.

मंडळाचा चित्रपट काळापांढरा, परदेशी आणि एका गाजलेल्या कादंबरीवरून काढलेला होता. डोंगरातल्या गढीत एक उमराव राहतो. तो दिवसा शवपेटीत झोपतो, आरशात दिसत नाही, बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही, आत आला की मानेला दात लावून रक्त पितो, आणि ऊन लागलं की मरतो. (बोलावल्याशिवाय येत नाही, ही गोष्ट आमच्या कार्यकारिणीला फार आवडली. स्वाभिमानी माणूस आहे, असं सर्वांचं म्हणणं पडलं.)

रविवारी दुपारी तीनला खिडक्यांना ताडपत्र्या बांधून कार्यक्रम सुरू झाला. उपस्थिती एकशे त्रेचाळीस. पहिली पन्नास मिनिटं सत्कारांत गेली. चौदा शाली, चौदा नारळ, आणि प्रोजेक्टरला हार. प्रमुख पाहुणे सुंदरराव, म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती, सोफ्यावर होते. चित्रपट सुरू होऊन वीस मिनिटं झाली तेव्हा त्यांना एका साखरपुड्याची आठवण झाली. ते उठले, मी उठलो, बॅटरीच्या उजेडात मी अभिप्राय वही पुढे केली. आमच्याकडे वहीचं पहिलं पान सुंदररावांचं असतं. हा ठराव नाही, पण ठरावाहून पक्कं आहे.

त्यांनी लिहिलं ते असं: "चित्रपट पाहिला. गढीचे मालक स्वतः दारात येऊन पाहुण्याचं स्वागत करतात, त्याची पेटी स्वतः उचलतात, त्याला पोटभर वाढतात व स्वतः एक घासही घेत नाहीत. असा आतिथ्यशील व निर्व्यसनी माणूस आज दुर्मिळ आहे. काम चांगलं केलं आहे. उपक्रमास शुभेच्छा."

सुंदररावांची गाडी फाट्यावर पोचली असेल नसेल, तोच उमरावाने पहिला दात लावला. पुढच्या तासाभरात त्याने चार जणांना संपवलं. प्रेक्षक जागचे हलले नाहीत. रोहिणीताई खालची इंग्रजी अक्षरं माइकवरून मराठीत सांगत होत्या.

चित्रपट सुटल्यावर सगळे बाहेर चहाला जमले. तिथे व्यक्त झालेली मतं तोंडी असल्यामुळे त्यांची दप्तरी नोंद नाही, तरी नमुन्यादाखल देतो. ट्रॅक्टरवाला अंगद शेजाऱ्याला म्हणाला, "उन्हात मेला, त्यात कसली ॲक्टिंग बे? मे महिन्यात गेवराईच्या फाट्यावर हुबा कर, कुणीबी मरंल." अंगणवाडीच्या वत्सलाबाईंचं म्हणणं वैद्यकीय होतं: "इतकं रगत पेला, तरी तोंड पांढरंफट्टच. अंगी लागंना त्याच्या. पेण्यात फायदा काय मंग?" सलूनवाल्या उत्तरेश्वरने कपात फुंकर मारत मूळ मुद्द्यालाच हात घातला. "आरशात दिसत न्हाई म्हणता ना? मंग इतका सरळ भांग पाडला कुणी?"

रोहिणीताईंचे डोळे लकाकले. "अहो, हेच लिहा! अगदी असंच लिहा वहीत!"

"लिव्हायचं कावून?" उत्तरेश्वरला प्रामाणिक नवल वाटलं. "बोललोय की."

मग सगळे शिस्तीत आत गेले, रांग लावली आणि वहीत लिहून बाहेर आले. निकाल पुढीलप्रमाणे. एकूण प्रेक्षक एकशे त्रेचाळीस. सुंदररावांचा अभिप्राय एक. 'वरीलप्रमाणे' एकशे एक्केचाळीस. अंगदने 'वरीलप्रमाणे'खाली दोन रेघा ओढल्या होत्या, तेवढीच काय ती व्यक्तिगत छटा. थोडक्यात, चार खून डोळ्यांनी पाहिलेल्या गावाने उमराव हा आतिथ्यशील व निर्व्यसनी असल्याचं सर्वानुमते लिहून दिलं. (अनुक्रमांक दोन माझा. चिटणिसाने आदर्श घालून द्यावा लागतो.)

रोहिणीताई वही उलटीपालटी करत टेबलाशी बसल्या. "चिटणीस साहेब, पंचवीस हवे होते हो. हा एक झाला," त्या म्हणाल्या आणि प्रोजेक्टरवरचा हार काढू लागल्या. मला वाईट वाटलं. अकरा वर्षांत वाचनालयात बसून कुणाला कशाचं एवढं वाटलेलं मी पाहिलं नव्हतं.

उरलेला एक प्रेक्षक दाराशी बसला होता. भिवराबाई. त्यांची पन्नासेक मेंढरं बाहेर लिंबाखाली होती, म्हणून त्यांनी अर्धा डोळा भिंतीवर आणि दीड डोळा मेंढरांवर ठेवून चित्रपट पाहिला होता. त्यांना लिहिता येत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याला 'वरीलप्रमाणे'ही लिहिता येत नाही, आणि मग त्याच्यावर स्वतःचं मत सांगायची पाळी येते. निरक्षरतेच्या या दुष्परिणामाकडे शासनाचं लक्ष गेलेलं नाही.

"मावशी, तुम्ही सांगा, मी लिहिते," रोहिणीताई म्हणाल्या. "कसं वाटलं त्या उमरावाचं काम?"

"काम येत न्हाई त्याला," भिवराबाई म्हणाल्या. "लांडगा मानंला धरतो, ते म्या चारदा बगितलंय. त्याला मान सोडून काय दिसत न्हाई. ह्यो आदी केस नीट करतो, मंग आपल्याकडं बगतो, मंग तोंड उघडतो. तवर मेंढरू परळीला पोचंल."

"आणि ती बाई? जिला तो चावतो?"

"तिचं लई खरं वाटलं." भिवराबाईंनी बाहेर मेंढरांवर एक नजर टाकली. "पर मला येक कळंना. बोलावल्याबिगर येत न्हाई म्हणता, मंग ही माणसं दार उघडून 'या' म्हणतेत कावून? मेंढरू सुदीक लांडग्याला 'या' म्हणत न्हाई."

रोहिणीताईंनी शब्द न् शब्द एका कागदावर उतरवून घेतला आणि खाली अंगठा घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक घोर कृत्य केलं. नवी वही आणली, पहिल्या पानावर भिवराबाईंचा अभिप्राय डकवला, आणि 'पहिल्या वहीत जागा अपुरी पडल्याने' सर्वांना पुन्हा बोलावलं. त्यांना वाटलं, हा अभिप्राय वाचून लोकांना धीर येईल.

सुंदररावही आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या वर कुणाचं तरी नाव होतं. त्यांनी तो मजकूर दोनदा वाचला. रोहिणीताईंनी टेबलाची कड धरली. सुंदररावांनी मागे वळून पाहिलं. तिथे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, सगळे त्यांच्याकडेच बघत होते. मग त्यांनी पेन उघडलं, स्वच्छ अक्षरात 'वरीलप्रमाणे' लिहिलं आणि खाली झोकदार सही केली. पाठोपाठ एकशे एक्केचाळीस जणांनी तेच लिहिलं. अंगदने पुन्हा दोन रेघा ओढल्या.

मी दोन्ही वह्यांची नक्कल मंडळाला पाठवली. उमरावाने काम चांगलं केलं, या बाजूला एकशे बेचाळीस. काम येत नाही, या बाजूला एकशे त्रेचाळीस. माणसं तीच. रोहिणीताईंनी प्रोजेक्टर खोक्यात भरून ठेवला आणि खोक्याला दोरी बांधली.

अकराव्या दिवशी पत्र आलं. सोबत मंडळाच्या निर्णय समितीच्या शेऱ्यांची प्रत होती. अध्यक्षांनी लिहिलं होतं: "माझे आजोबा मेंढपाळ होते. बाई खरं बोलतात. प्रोजेक्टर गावाकडेच ठेवावा." खाली समितीच्या चार सदस्यांच्या सह्या होत्या. प्रत्येक सहीआधी एकच शब्द होता, तो मी सांगायला नको.

रोहिणीताई खोक्याची दोरी सोडताना हसतही होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. येत्या रविवारी दुसरा चित्रपट आहे. भिवराबाईंना सोफा देण्याचं ठरलं होतं, पण सोफ्यावरून मेंढरं दिसत नाहीत म्हणून त्या दाराशीच बसणार आहेत.

आता वाचकांविषयी. आपण हा चित्रपट पाहिलेला नाही. वीस मिनिटंसुद्धा नाही. तरी उमरावाला काम येत नव्हतं आणि भिवराबाईंचं सोळा आणे खरं होतं, हे आपलं मत केव्हाच होऊन बसलं आहे. मघाशी आमच्या गावाला आपण हसलातही. हरकत नाही. वही टेबलावरच आहे, पेन दोरीला बांधलेलं आहे, आणि एकशे चव्वेचाळीस नंबरची ओळ मी आपल्यासाठी कोरी ठेवली आहे. काय लिहायचं ते मला विचारू नका, फक्त वर बघा.