एका भांडणाला एक संत्रं

डिसेंबर लागला की आमच्या इमारतीतले शांतवन साळवे भांडायचे थांबतात. बाकीचे अकरा महिने ते रोज भांडतात. दूधवाल्याशी मापावरून, गेटसमोर स्कूटर लावणाऱ्यांशी, लिफ्टशी, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईशी, आणि रविवारी प्रवचन लांबलं तर पाळकसाहेबांशीसुद्धा. "तोंडावर बोललो, पाठीमागं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकू आलं की भांडण संपलं असं समजायचं.

डिसेंबरात मात्र ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, संत्र्यांची पिशवी घेऊन दारोदार माफी मागत फिरतात. एका भांडणाला एक संत्रं. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या देशकरांना सात मिळाली. देशकरवहिनी म्हणाल्या, "काका, अजून दोनदा भांडले असते तर घरभर ज्यूस झाला असता."

"ते दोन तुमच्या सासूबाईले देऊन आलो," काका म्हणाले.

दूधवाला तर स्वतःची पिशवी घेऊनच येतो.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. कुणाशी वाकडं असेल तर आधी जाऊन मिटवायचं, मगच त्याला हात लावायचा, असं काकांचं पक्कं. "मनात काटा ठेवून प्रभूच्या टेबलापाशी जाता येत नाही, ताई." अकरा महिने मी त्यांची 'सेक्रेटरीबाई' असते. ताई फक्त डिसेंबरात.

मी खरंच इमारतीची सेक्रेटरी आहे. नोकरी आणि इमारत दोन्ही सांभाळते. मला वेळ कमी असतो आणि असल्या गोष्टींचं कौतुक त्याहून कमी.

ऑक्टोबरात एका सकाळी गच्चीवरची टाकी रिकामी निघाली. टाकीखालचा व्हॉल्व्ह रात्रभर उघडा होता. गच्चीची किल्ली दोघांकडेच, काकांकडे आणि माझ्याकडे. मी ताबडतोब ग्रुपवर लिहिलं, "साळवेकाकांनी यापुढे व्हॉल्व्हला हात लावू नये."

दुपारी डबा खाताना आठवलं. आदल्या दिवशी गच्चीवर गोधड्या धुवायला तो व्हॉल्व्ह मीच उघडला होता.

आठवलं, आणि मी डबा संपवला. संध्याकाळी काका जिन्यात सगळ्यांसमोर ओरडले, "खोटारडी बाई आहे ही!" मी म्हटलं, "वयाचं भान ठेवा जरा." चार जणांनी माझी बाजू घेतली. तीही मी घेऊ दिली.

डिसेंबरात ते माझ्या दारात आले. "ताई, मी तुमाले सगळ्यासमोर खोटारडी म्हटलं. माफ करा." हातात एक संत्रं. त्यांनी ओरडून शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "मी नाही माफ करत. जा तुम्ही, मला उशीर होतोय," असं म्हणून मी दार लावलं.

नाताळच्या दिवशी दहा वाजता सेक्रेटरी म्हणून शुभेच्छा द्यायला त्यांच्याकडे गेले. ते चर्चमधून बारापर्यंत येतील, तोवर दाराखालून चिठ्ठी सरकवून निघू, असा विचार होता. पण दार उघडंच होतं. काका कोट, टाय, बूट घालून खुर्चीवर बसले होते.

"लवकर आलात? बरं नाही का?"

"बरं आहे. प्रभुभोजन सुरू झालं, तवा उठून आलो. तुमचं-माझं मिटलं नाही ना."

"अहो काका, मी घाईत बोलले!"

"तुम्ही बोलल्या, मी ऐकलं. त्याले आता घाई कशी म्हणू?"

मी उभीच होते. मग एका दमात सांगून टाकलं. "काका, व्हॉल्व्ह मी उघडा ठेवला होता."

"मले माहीत आहे. तुमच्या गोधड्या वाळत होत्या ना तारेवर."

"मग तुम्ही का माफी मागितली?"

"सगळ्यासमोर म्हटलं, ते चुकलं." ते बुटांकडे पाहत राहिले. "माझा भाऊ वाडीले राहे. आईच्या हार्मोनियमवरून बोलणं बंद झालं. म्हटलं, नाताळाच्या आधी जाऊन मिटवू. तो नोव्हेंबरातच गेला. त्या वर्षी टेबलापाशी गेलो तर घास गळ्याखाली उतरेच ना. तवापासून दरसाल संत्रं घेऊन फिरून राहिलो."

"मला माफ करा, काका."

"ते तर तवाच केलं. आता तुम्ही मले करा."

आणि त्यांच्या घरात, त्यांच्यासमोर उभं राहून मला म्हणावं लागलं, "माफ केलं." इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

लाज वाटली की मी काहीतरी काम काढते. "प्रभुभोजन संध्याकाळी परत असतं का?"

"असते, हिंदीत. पण त्या पाळकाचं हिंदी..." ते थांबले. डिसेंबर होता.

संध्याकाळी त्यांना स्कूटरवर चर्चला नेलं आणि मी मागच्या बाकावर बसले. काका पुढे गेले, गुडघे टेकले. परत आले तेव्हा चेहरा असा निवांत, की मी दुसरीकडे पाहिलं. माझ्या हातात फोन होता. ग्रुपवर लिहून ठेवलं होतं, "ऑक्टोबरात व्हॉल्व्ह माझ्याकडून उघडा राहिला होता. साळवेकाकांचा दोष नव्हता." पाठवलं नव्हतं.

काकांनी वाकून वाचलं.

"पाठवून टाका, ताई. मग शेवटचं गाणं मोकळ्या गळ्यानं म्हणता येते."

लोक गाण्यासाठी उठत होते. मला त्यातला एकही शब्द येत नव्हता. मी पाठवलं आणि उभी राहिले.